निरगुडे सरांचा आदर्श अर्ज

निरगुडे सरांच्या हातचा 'निरंक' बघावा. 'न'ची गाठ लिंबाच्या बीसारखी, 'क'चा कान कानातल्या डुलासारखा, आणि अनुस्वार म्हणजे मोजून आणून ठेवलेला मोहरीचा दाणा. दरवर्षी शाळेत एक तक्ता यायचा. शाळेत विशेष गरजा असलेली मुलं किती, कुठल्या प्रकारची, हे त्यात भरायचं असे. पूर्वी त्यात सात रकाने होते, मग वाढत वाढत एकवीस झाले. सरांनी कधी कुरकूर केली नाही. सरकार रकाने वाढवत गेलं, सर निरंक वाढवत गेले. सातपूरच्या त्या शाळेत अकराशे चाळीस मुलं होती आणि त्यांतल्या एकालाही कसली गरज नव्हती.

अक्षर हीच सरांची इस्टेट. शाळेचे सगळे अर्ज, निवेदनं, निरोपाची मानपत्रं त्यांच्याच हातची. नववीला अर्जलेखन शिकवताना ते एक आठवण सांगत, आणि ती तीस वर्षं न चुकता सांगत आले होते. "मी सातवीत होतो. माझा एक अर्ज गुरुजींनी सगळ्या शाळेपुढं वाचून दाखवला. आदर्श अर्ज म्हणून." एखादं आगाऊ पोर विचारी, सर, अर्ज कशाबद्दल होता? त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं. विषय महत्त्वाचा नसतो, मांडणी महत्त्वाची. खरं म्हणजे विषय त्यांना आठवतच नव्हता. वडिलांच्या वतीने केलेलं घरातलं काहीतरी होतं. आठवत होती ती गुरुजींनी मध्येच थांबून दिलेली 'वा'.

तर या वर्षी तक्ता परत आला. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की निरंक माहिती स्वीकारली जाणार नाही; शाळेने आधी एका शिक्षकाला रीतसर प्रशिक्षण देऊन समन्वयक नेमावं, मग त्याने मुलं शोधावीत. मुख्याध्यापिका खुर्शीदा मॅडमनी शिक्षकांची बैठक घेतली. एकाचा गुडघा निघाला, एकाकडे मतदारयाद्या निघाल्या, एकीच्या घरी साखरपुडा निघाला. सगळं निघून झाल्यावर निरगुडे सर उरले.

"सर, तुमचं अक्षर चांगलं आहे," खुर्शीदा मॅडम म्हणाल्या. "आणि निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. शिकलेलं फार दिवस वापरावं लागणार नाही."

सरांना यातला पहिला भाग फार आवडला. दुसऱ्या भागाकडे त्यांनी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं. संध्याकाळी घरी जाताना ते सीबीएस बसस्थानकाजवळ उतरले आणि शिक्का करायला टाकून आले: 'पुं. का. निरगुडे, प्रशिक्षित समन्वयक, समावेशक शिक्षण'. प्रशिक्षण सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते. पण शिक्केवाल्याकडे गर्दी असते, असं त्यांनी बायकोला, चंद्रभागाबाईंना, सांगितलं. चंद्रभागाबाई तीस वर्षं संसार करून बसल्या होत्या. त्यांनी फक्त पोळी उलटली.

नावनोंदणी ऑनलाइन होती आणि तिथे पहिली ठेच लागली. आधार कार्डावर सर 'पुंजा' होते, पदवीवर 'पुंजाराम' आणि सेवापुस्तकात 'पी. के.'. तिघे एकच आहेत, असं शंभराच्या मुद्रांकावर शपथेवर लिहून द्यावं लागलं, आणि त्यासाठी तिघांनाही त्या दिवशी किरकोळ रजा टाकावी लागली. शेवटी संगणकाला पटला तो पुंजाच. प्रशिक्षणात गळ्यात अडकवायला जो बिल्ला मिळाला त्यावर मोठ्या अक्षरांत 'पुंजा' होतं. आई गेल्यापासून या नावाने जगात कुणी हाक मारली नव्हती. धाकटा भाऊ दादा म्हणे, बाकी सगळे सर.

खालच्या मजल्यावरचे नजीरभाई मनमाड जंक्शनवर गाड्यांची घोषणा करत करत निवृत्त झाले होते. त्यांचा सल्लाही फलाट बदलल्याच्या घोषणेसारखा जिनाभर ऐकू जाई. सर, ट्रेनिंगमध्ये मागच्या बाकावर बसायचं, सही आधी करायची, चहा दुसऱ्या फेरीत घ्यायचा कारण पहिल्यात साखर विरघळलेली नसते. सरांनी मान डोलावली आणि पहिल्याच रविवारी त्यांना कळलं की तिथे बाकंच नाहीत. सगळ्यांनी गोलात बसायचं आहे.

गोलात तीसजण होते, बहुतेक सरांच्या मुलीच्या वयाच्या पोरी. शिकवायला आयशा मॅडम, वय एकोणतीस, आवाज मऊ आणि हातात घड्याळ. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला एक छापील कागद दिला आणि पहिल्यांदा उभं केलं ते नेमकं पुंजा सरांना. कागदावर शब्द भलतीकडे तुटलेले, काने-मात्रा शेजारच्या घरी राहायला गेलेल्या, ओळी मध्येच उलट्या वळलेल्या. सरांनी घसा साफ केला, सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला अडकले. मॅडम शेजारी उभ्या राहून म्हणत होत्या, लवकर, सोपं तर आहे, बाकीच्यांचं झालंसुद्धा. कुणीतरी खुदकन हसलं. सरांच्या मानेवरून घाम उतरला.

"छपाई चुकलीय," ते शेवटी म्हणाले.

"मुद्दामच चुकवलीय सर," आयशा मॅडम म्हणाल्या. "आता हाताला काय होतंय ते बघा."

हात थरथरत होता. पुढे मॅडमनी शिकण्यातल्या अडचणींबद्दल तासभर सांगितलं. वाचणं एखाद्यालाच इतकं जड का जातं, आणि त्याचा हुशारीशी कसा संबंध नसतो, असं बरंच. सरांनी सुंदर अक्षरात सगळं उतरवून घेतलं. उतरवताना त्यांच्या डोळ्यांपुढे कुणीही आलं नाही. डोळ्यांपुढे होता तो फक्त खुदकन हसणारा चेहरा आणि तो कुणाचा असावा याचा विचार.

अभ्यासक्रमाची खरी मेख पुढे होती. प्रत्येकाने शिकण्यात अडचण असलेली एक व्यक्ती घ्यायची, तिच्याबरोबर आठ वेळा बसायचं आणि अहवाल द्यायचा. अहवाल नाही तर प्रमाणपत्र नाही. सर शाळेत मूल मागायला गेले तर खुर्शीदा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, की सर, आपण इतकी वर्षं निरंक लिहिलंय; आता एकदम एक सापडला तर तो इतकी वर्षं कुठे होता असं विचारतील ना. सापडू द्या, पण प्रमाणपत्र हातात आल्यावर सापडू द्या. प्रमाणपत्र यायला मूल हवं आणि मूल सापडायला प्रमाणपत्र हवं, अशा पाळण्यात सर पंधरा दिवस झुलले.

मग त्यांनी इमारतीत विचारून पाहिलं. वरच्या मजल्यावर देवरेवहिनींचा हर्षल होता, सहावीतला. सरांनी अगदी नाजूकपणे विषय काढला. वहिनींनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी आळूवड्यांचा डबा, जो सणाला चंद्रभागाबाईंनी भरून पाठवला होता, धुऊन पुसून रिकामा परत आला. त्या इमारतीत रिकामा डबा परत करणं म्हणजे बोलणं बंद. उलट नजीरभाई आपणहून तयार झाले. पण त्यांना उतारा दिला तर त्यांनी तो स्थानकावर लावल्यासारखा खणखणीत वाचला आणि शेवटी प्रवाशांचे आभार मानले. सरांनी प्रशिक्षणातून आणलेली लक्षणांची यादी मात्र इमारतभर फिरली. बायकांनी नवऱ्यांच्या नावाने त्यात खुणा करून टाकल्या. सांगितलेलं विसरतो, वस्तू जागेवर ठेवत नाही, लक्ष एका जागी नसतं. चार दिवसांत अकरा नवरे सापडले. पण कुठल्याच नवऱ्याने संमतिपत्रावर सही केली नाही.

"भावजींना विचारा की," चंद्रभागाबाई एका रात्री भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

सर हसले. बहिरू त्यांचा पाठचा भाऊ, दोन वर्षांनी धाकटा. श्रमिकनगरात राहायचा, सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये डाय फिटर होता. चौथीत दोनदा नापास होऊन शाळा सोडलेला. सरांच्या लेखी त्याचा निकाल कधीच लागला होता. त्यात अभ्यास करण्यासारखं काय होतं? पण आयशा मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, मोठी व्यक्ती चालेल, मात्र शाळेचा जुना दाखला जोडा. आणि सरांना मग दुसरं कुणी नव्हतंच.

बहिरूने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "शेवटी कळंल ना, मी ढ हाय का नाय ते?"

"कळेल की."

"लेखी द्यायचं मग. तोंडी नको. तोंडी लय जणांनी सांगितलंय."

"शिक्क्यासकट देतो," सर म्हणाले. शिक्का तयारच होता.

पहिल्या दिवशी सरांनी तिसरीचा एक उतारा पुढे ठेवला. बहिरूने शर्टाच्या खिशावर हात मारला आणि म्हणाला, चष्मा विसरलो. सर म्हणाले, डबी तर खिशात दिसतेय. बहिरूने डबी काढली, उघडली. आत बडीशेप होती.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. बहिरूला चष्मा कधी लागलाच नव्हता. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं माप तो नुसत्या डोळ्यांनी वाचायचा. कसलीही इंजिनिअरची ड्रॉइंग उलटी धरली तरी त्याला जॉब, म्हणजे घडवायचा तो भाग, दिसायचा. पण अक्षरं पुढे आली की ती जत्रेतल्या पोरांसारखी हात सोडून पळायची. तीस वर्षं तो चष्मा नसलेली डबी घेऊन बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या आहेराच्या टेबलाशी जात होता आणि चष्मा विसरत होता. कारखान्यात त्याला दोनदा सुपरवायझर करायला निघाले होते. सुपरवायझरला पाळीचा रिपोर्ट लिहावा लागतो, म्हणून त्याने दोन्ही वेळा नको म्हटलं होतं. त्यावरून दिवाळीत सरांनी त्याला माणसाच्या अंगी महत्त्वाकांक्षा कशी असावी, यावर अर्धा तास ऐकवलं होतं. फराळाच्या ताटावर ऐकवलं होतं, चकली त्याच्या हातात तशीच राहिली होती. ते सरांना आता आठवलं.

आणखीही एक आठवलं. मोठी मावशी वारली तेव्हा सरांनी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सविस्तर, भावपूर्ण मजकूर टाकला होता. त्यावर सगळ्यात आधी बहिरूचा अंगठा आला होता, वर केलेला. दोन वर्षं मावशीची मुलं त्याच्याशी बोलत नव्हती.

"तुझं लांबलचक असलं की मला वाटतं, काहीतरी चांगलंच असंल," बहिरू म्हणाला. "म्हणून अंगठा."

चौथ्या दिवशी ऐकण्याची चाचणी होती. सरांनी कांदा चाळीत कसा साठवतात यावरचा दीड पानाचा उतारा एकदा वाचला आणि काय आठवतं ते सांग म्हणाले. बहिरूने भिंतीकडे बघत उतारा पहिल्या शब्दापासून म्हणायला घेतला. वाक्य इकडचं तिकडे नाही. मध्ये सरांना ठसका लागला होता, तोही त्याने त्याच जागी दिला. चंद्रभागाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन दारात उभ्या राहिल्या.

"आई म्हणायचीच की," तो जरा लाजून म्हणाला, आणि दळताना आई दोघा भावांवर रचून म्हणायची ती ओवी त्याने आईच्याच हेलात म्हटली:

थोरला माझा पुंजा, पाटीवरी लिहीतो
धाकला बहिरू गं, बाई कानानं पाहीतो

सरांना ती ओवी पूर्वार्धापुरतीच आठवत होती. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात ज्याला चार प्रकरणं लागली होती ते आईने जात्याच्या एका फेऱ्यात सांगून ठेवलं होतं, आणि अहवालाच्या नमुन्यात ओवीसाठी रकाना नव्हता.

त्या रविवारी त्यांनी आयशा मॅडमना विचारलं, की माणूस ढ नाही असं लेखी कसं द्यायचं. मॅडम म्हणाल्या, आपण देऊ शकत नाही. समन्वयक नोंद करतो, निदान करत नाही. तपासणी आणि प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाचं काम. शिवाय हा सरावाचा अहवाल. त्यात नावसुद्धा येणार नाही, 'व्यक्ती ब' एवढंच. सर घरी आले. बहिरूने विचारलं, कागद कधी मिळंल? सर म्हणाले, फॉर्म अजून यायचाय. पुढच्या आठवड्यातही यायचा होता, त्याच्या पुढच्याही.

आता राहिला दाखला. एका सुट्टीच्या दिवशी दोघं भाऊ बहिरूच्या मोटरसायकलवर बसून दिंडोरी ओलांडून, वणीच्या अलीकडे, आपल्या गावी गेले. सरांनी पिशवीत कागद, पेन आणि शिक्का घेतला होता. शिक्का का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तो आजकाल त्यांच्याबरोबर असायचा.

जुन्या शाळेच्या जागी आता स्लॅबची इमारत होती. मुख्याध्यापक मंगळू भोये, सुरगाण्याकडचा तरुण माणूस, एकटाच पाच इयत्ता सांभाळत होता. जुनं दप्तर बघायचंय म्हटल्यावर तो संकोचून म्हणाला की सर, त्यासाठी अर्ज लागेल. सरांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. भोयेने तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाला की असं अक्षर आता बघायला मिळत नाही. सरांना बरं वाटलं. त्या दिवशी त्यांना बरं वाटलेलं ते शेवटचंच.

लोखंडी कपाटातून रजिस्टर निघालं. 'निरगुडे बहिरू काशिनाथ. इयत्ता चौथी. प्रगती: नाही. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचे कारण: पालकाच्या अर्जावरून.' भोयेला हुरूप आला होता. अर्जही असेल सर, त्या काळची फाईल आहे, म्हणत त्याने सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि एक पिवळा कागद सरांच्या हातात दिला.

मजकूर वाचण्याआधी सरांनी अक्षर ओळखलं. 'न'ची गाठ लिंबाच्या बीसारखी होती.

तारीख २२ जून १९८१. खाली वडिलांचा अंगठा. तीस वर्षं वर्गात सांगितलेला आदर्श अर्ज हातात होता आणि विषय अखेर सापडला होता: पाल्याचे नाव कमी करणेबाबत.

बहिरू दारातून आत आला. "काय लिहिलंय रे दादा?"

"काही नाही," सर म्हणाले. "पुसट झालंय. लागत नाही."

बहिरूने कागदाकडे पाहिलं नाही. त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि कांद्याचा उतारा म्हटला होता त्याच सपाट आवाजात सुरू केलं. "महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, माझा धाकटा मुलगा बहिरू हा आपल्या शाळेत इयत्ता चौथीत दोन वर्षे बसून आहे. त्याची बुद्धी मूळचीच मंद असून, खडकावर पेरलेले बी जसे उगवत नाही, वा, तसे त्यास दिलेले शिक्षण वाया जात आहे. तरी त्याच्या जागी एखाद्या होतकरू मुलास संधी मिळावी, या हेतूने त्याचे नाव पटावरून कमी करावे, ही नम्र विनंती. आपला विश्वासू."

गुरुजींची 'वा' त्याने जागेवर दिली होती. दोन खोल्यांची शाळा होती ती. गुरुजींनी सगळ्या शाळेपुढे वाचलं म्हणजे चौथीही तिथेच होती. बहिरूचा तो शाळेतला शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी शिकवलेला धडा त्याला पाठ झाला होता.

भोयेला काय करावं कळेना. अर्ज मात्र फार छान लिहिलाय, असं तो पुटपुटला आणि पाणी आणायला गेला.

"तू कधी बोलला नाहीस," सर म्हणाले.

"काय बोलायचं? बाबांनी सांगितलं, तू लिहिलं. त्यात तुझं काय?" बहिरू म्हणाला. "बाबांना तसं वाटत व्हतं, मंग असंल मी तसा."

इथे थांबता आलं असतं. त्रेचाळीस वर्षं गोष्ट जिथे निवांत पडली होती तिथे आणखी पडून राहिली असती. वडील तर दहा वर्षांपूर्वीच गेले होते, ते काही अंगठा परत मागायला येणार नव्हते. सरांनी कागदाची घडी घातली, उलगडली. त्यांना आता ती संध्याकाळ स्वच्छ दिसत होती. वडील उंबऱ्यात बसून पायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर न करता एकच वाक्य सांगितलं होतं.

"बाबांनी एवढंच सांगितलं होतं," सर म्हणाले, "की लिही, घरी माणूस कमी पडतंय, पोराला धाडता यायचं नाय. बस. मला ते कारण कच्चं वाटलं. अर्जात कारण भक्कम पाहिजे असं गुरुजींनी शिकवलं होतं. मंद, खडक, होतकरू... ते सगळं माझं आहे बहिरू. बाबांना मी वाचूनसुद्धा दाखवलं नाही. अंगठा घेतला फक्त."

बहिरूने खिशातून डबी काढली. चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली, चावली, बराच वेळ चावत राहिला.

"म्हंजी बाबा तसं म्हणलेच नव्हते."

"नाही."

"मी त्यांच्यावर रुसलो व्हतो," तो म्हणाला. "लय वर्सं. शेवटच्या आजारात बी पाय दाबायचो, पण बोलायचो नाय."

बाहेर मुलं पाढे म्हणत होती. पाणी घेऊन आलेला भोये दारातच थांबला.

"आणि लेखी?" बहिरूने विचारलं. "फॉर्म येणार नाय ना?"

सरांनी मान हलवली. "मला तो अधिकारच नाही."

"मला वाटलंच. दोन महिने न आलेला फॉर्म येत नसतोय." त्याने डबी मिटली. "पण अर्जाला अधिकार लागत नाय. अर्ज कुणाला बी करता येतो. काढ कागद. या वेळी मी सांगतो, तू लिही."

सर मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. विषय: दिनांक २२ जून १९८१ चा अर्ज मागे घेण्याबाबत. मग सवयीने हात पुढे गेला आणि 'महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय' असं कागदावर उमटलं.

"काय लिहिलं?"

सरांनी वाचून दाखवलं.

"ते मी सांगितलं नाय. खोड."

सरांनी खोडलं. सरांच्या अर्जात खाडाखोड होण्याची ती पहिलीच वेळ. पुढे बहिरू एकेक वाक्य सांगत गेला आणि सर तेवढंच लिहीत गेले. 'मी पुंजा काशिनाथ निरगुडे. मी तेव्हा सातवीत होतो. घरी माणूस कमी पडत होतं म्हणून भावाला शाळेतून काढलं. बाकीचं मी मनाने लिहिलं. माझ्या वडिलांनी ते सांगितलं नव्हतं. माझा भाऊ बहिरू ढ नव्हता. त्याला कुणी विचारलं नाही.' शेवटी नम्र विनंती घालायची का, असं सरांनी विचारलं. बहिरू म्हणाला, विनंती कशाची?

सरांनी सही केली. बहिरूने कागद हातात घेऊन ती सही निरखली, मग पिशवीकडे बोट दाखवलं. "शिक्का."

"अरे, अजून प्रमाणपत्र यायचंय. तो असा वापरता येत नाही."

"शिक्क्यासकट म्हणाला व्हतास."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत सरांनी कुठल्याही कागदाला नियमाबाहेर हात लावला नव्हता. त्यांनी शिक्का काढला आणि मारला. प्रशिक्षित समन्वयक. शाई नवी होती, जरा पसरली.

भोयेने अर्ज तीन वेळा वाचला. मागे घेण्याची तरतूद नाही सर, तो म्हणाला, पण आलेला अर्ज घ्यावा तर लागतो. त्याने आवक क्रमांक टाकला, फोनवर फोटो काढला, शेजारच्या दुकानातून झेरॉक्स आणवली आणि मूळ कागद जुन्या फाईलला, पिवळ्या कागदावरच, टाचून टाकला. मग बहिरूकडे बघत जरा चाचरत म्हणाला, "काका, नाव परत घालता आलं असतं तर बरं झालं असतं. पट एकोणीस आहे. विसाखालच्या शाळा बंद करणार म्हणतात, एक कमी पडतोय."

बहिरू हसला. त्या दिवसातलं तेवढंच हसणं. झेरॉक्सची त्याने आठ पदरी घडी केली, डबीतली बडीशेप भोयेच्या तळहातावर ओतली आणि घडी डबीत बसवली. झाकण लागेना. अंगठ्याने दाबून त्याने ते लावलं.

परतताना सर मागे बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मांडव मागे सरत होते. बहिरू पुढे काहीतरी म्हणत होता. वाऱ्याने निम्मे शब्द उडून जात होते, पण सरांना ते कळत होते, कारण ते त्यांनीच लिहिलेले होते. घरी माणूस कमी पडत होतं म्हणून. बाकीचं मी मनाने लिहिलं. त्याला कुणी विचारलं नाही. खोडलेलं 'सविनय'सुद्धा त्याने त्याच्या जागी म्हटलं आणि त्यापुढे 'खोड' म्हटलं.

"पाठ झाला," तो ओरडून म्हणाला.

सर पुढे वाकले. दिंडोरीपासून विचारायचं राहिलेलं त्यांनी शेवटी विचारलं. "मग आधीचा जाईल का आता?"

बहिरूने गियर बदलला. पुढे गतिरोधक होता, तो त्याने हळू, मागच्याला धक्का बसणार नाही असा, ओलांडला.

"नाय दादा," तो म्हणाला. "कानानं आलेलं जात नाय."